लाल पोतं आणि शंभर अंश

मर्विन पेंगलीने उभ्या आयुष्यात एकदाच सरकारी मालमत्ता दाबून ठेवली, आणि तीही वीतभर लांबीची काचेची नळी. लोक रेल्वेचे रूळ पचवतात आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. याला एक थर्मामीटर पचला नाही.

मर्विन हा पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्यातल्या, ऐन जानेवारीत भाजून निघणाऱ्या याराबिंडा गावाचा पोस्टमास्तर. पोस्टमास्तर म्हणजे ओघानेच गावाच्या तापमानाचा कारकून. पोस्टाच्या मागच्या अंगणात चार पायांवर झडपांची पांढरी पेटी उभी होती आणि तिच्यात थर्मामीटर आडवे निजलेले असत. त्यांतला महत्त्वाचा होता तो दिवसाचा सर्वांत जास्त पारा दाखवणारा. त्याच्या नळीचा गळा एके ठिकाणी आवळलेला असतो. पारा वर चढतो, पण त्याला मागे फिरता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आकडा वहीत लिहायचा आणि थर्मामीटर हातात धरून जोरात झटकून पारा खाली आणायचा. हे काम मर्विनने सत्तावीस वर्षे केले होते. डोळा पाऱ्याच्या रेषेत, श्वास रोखलेला, आणि आकडा दशांशापर्यंत. वहीत एकही खाडाखोड नाही. बायकोच्या वाढदिवसाची तारीख तो दोनदा चुकला होता, पण पारा कधी नाही.

आता हा आकडा नुसता वहीत पडून राहिला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. पण याराबिंडात १९३१ पासून एक रिवाज होता. दुपारी पारा शंभर फॅरनहाइटला पोचला की पोस्टमास्तराने झेंड्याच्या काठीवर टपालाचे लाल पोतं चढवायचे, आणि पोतं दिसले की रस्त्यावर राबणारी कौन्सिलची टोळी फावडी टाकून तडक नेव्ह शिर्मरच्या पबमध्ये. या शंभराला गावात शतक म्हणत. पबमध्ये बारच्या वर रंगवलेली पाटी होती: 'लागोपाठ अकरा शतके, जानेवारी १९३९'. साऱ्या गावाचा अभिमान त्या पाटीवर टांगलेला होता, कारण टांगायला गावात दुसरे काही नव्हते.

अडुसष्टच्या जानेवारीत पुन्हा लागोपाठ अकरा शतके झाली. बाराव्या दिवशी सारे गाव पोस्टाच्या कुंपणाला चिकटून उभे होते. मर्विनने पेटी उघडली, वाकला, आणि म्हणाला, "नव्याण्णव पूर्णांक आठ."

"दोन दशांशांनी काय होतंय, लेका?" टोळीचा मुकादम हॉरी गॅफनी ओरडला. "जरा खालून बघ! खालून बघितलं की पारा वर दिसतो!"

"खालून बघितलं की चुकीचा दिसतो," मर्विन म्हणाला आणि त्याने नव्याण्णव पूर्णांक आठ लिहिले. तेव्हापासून नेव्ह शिर्मर त्याच्या ग्लासात बिअर कमी आणि फेस जास्त ओतत असे. चार वर्षे झाली तरी तो फेस खाली बसला नव्हता.

अशा गावात बहात्तरच्या ऑगस्टमध्ये शहरातल्या हवामान कचेरीतून कापसात गुंडाळलेले पार्सल आले. एक सप्टेंबरपासून देशात फॅरनहाइट बंद, सेल्सिअस सुरू. सोबत नवे थर्मामीटर पाठवले आहेत, ते पेटीत ठेवावेत आणि जुने त्याच कापसात गुंडाळून परत करावेत.

एक तारखेला रेडिओने जाहीर केले की आज कमाल तापमान बावीस अंश. नेव्हने पबमधली शेकोटी पेटवली. शेजारच्या म्हातारीने टोमॅटोच्या रोपांवर गोणपाट घातले. दुपारी सगळे घामाघूम होऊन पोस्टात आले आणि जणू मर्विननेच बावीस अंश पाडले असावेत अशा नजरेने त्याच्याकडे बघू लागले.

पण खरा घोळ पोत्याचा होता. शंभर फॅरनहाइट म्हणजे सदतीस पूर्णांक आठ सेल्सिअस. कौन्सिलचे चिटणीस ऑर्मंड ट्वेडल हे चष्म्याला साखळी लावणारे गृहस्थ. त्यांनी पत्र काढले की अपूर्णांकावर पोतं चढवणे कौन्सिलच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, तरी यापुढे अडतीस. हॉरी गॅफनी ते पत्र घेऊन काउंटरवर आला.

"अडतीस? मर्व्ह, याचा अर्थ त्या साखळीवाल्यासाठी आम्ही फुकट भाजून घ्यायचं?"

"जास्तीचे फक्त दोन दशांश आहेत, हॉरी."

"अडुसष्ट साली दोन दशांश म्हणजे केवढा डोंगर होता तुझा! तेव्हा नाही म्हणालास 'फक्त'?"

हॉरी म्हणाला, सदतीस करा. ट्वेडल म्हणाले, अडतीस. सदतीस पूर्णांक आठ हा खरा आकडा कोणालाच नको होता. खऱ्या आकड्यांचे बहुधा असेच होते.

मग मर्विनला वाटले, आपण एक साधी गोष्ट करू. जुना थर्मामीटर काही दिवस ठेवून घेऊ. त्याच्यासाठी वेगळी छोटी पेटी बनवू. सरकारी नोंद नव्यावर आणि पोतं जुन्यावर, म्हणजे कोणाचीच तक्रार नाही. दोन फळ्या आणि एक शनिवार, एवढेच काम.

झडपा हव्या होत्या, म्हणून त्याने थेल्माच्या कोठीघराचे झडपांचे दार काढले. थेल्मा म्हणजे त्याची बायको. लग्नाआधी ती नर्स होती, त्यामुळे रक्त पाहून ती घाबरत नसे, पण उघडे कोठीघर पाहून तिचा आवाज चढला.

"मर्व्ह, माझं दार कुठाय?"

"शास्त्रासाठी घेतलंय."

"शास्त्राला सांग, आज पिठात माश्या पडल्यात आणि तेच पीठ उद्या शास्त्राच्या ताटात येणारे."

सल्ले तर मागावे लागलेच नाहीत. नेव्ह म्हणाला, पेटीला खिडकी ठेव, म्हणजे उघडावी लागणार नाही. ट्वेडल रस्त्यावरूनच म्हणाले की कौन्सिलच्या परवान्याशिवाय चार फुटांवरचे कोणतेही बांधकाम बेकायदा ठरते. मर्विनने सांगितले की ही बरोबर चार फूट आहे. ट्वेडल टेप आणायला घरी गेले.

सर्वांत मोठी मदत हॉरीने केली. मर्विन काउंटरवर अडकलेला असताना टोळीने पेटी उचलून स्वतःच्या पसंतीच्या जागी उभी केली. ती जागा म्हणजे पत्र्याच्या शेडची उत्तरेकडची भिंत, जिथे दक्षिण गोलार्धातला सूर्य दिवसभर मुक्कामाला असतो. खाली पाय म्हणून डांबराचे पिंप, आणि पेटीचे दारही उत्तरेलाच. सकाळी दहाला पारा एकशे आठ. टोळी पोत्याची वाटसुद्धा न बघता पबमध्ये.

"सावलीतलं मोजायचं असतं!" मर्विन पबच्या दारातून ओरडला. "हवेचं मोजायचं असतं, पत्र्याचं नाही!"

"आम्ही काय सावलीत काम करतो काय?" हॉरीने विचारले. सगळा पब हसला. प्रश्न योग्य होता, म्हणून मर्विनला जास्तच राग आला.

त्याने पेटी कोंबड्यांच्या वाड्यापाशी नेली. तिसऱ्या दिवशी थर्मामीटरच्या कुशीत एक अंडे आढळले आणि त्यावर बसलेली कोंबडी उठायला तयार नव्हती. त्या दिवशी याराबिंडाचे कमाल तापमान एकशे सहा पूर्णांक तीन होते, पण ते कोंबडीचे होते. मर्विनने पेटी मोडली, दार पुन्हा बिजागरीला लावले, आणि जुना थर्मामीटर गुपचूप सरकारी पेटीत नव्याच्या शेजारी नेऊन ठेवला.

दरम्यान कचेरीची पत्रे येतच होती. 'बाकीचे पोचले, जुना कमाल थर्मामीटर अद्याप पोचलेला नाही.' दुसरा कोणी असता तर टपालात गहाळ झाले म्हणून मोकळा झाला असता. पण पोस्टमास्तर हे कोणत्या तोंडाने लिहिणार? मर्विनने लिहिले, 'व्यवस्था चालू आहे.' असे त्याने चार वेळा लिहिले आणि दर वेळी त्याचे जेवण गेले.

त्यात डिसेंबरमध्ये खरा धक्का बसला. जुना म्हणाला शंभर. नवा म्हणाला सदतीस. मर्विनने पुड्याच्या कागदावर गणित केले: सदतीसला नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा. आले अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. दोघे एकाच पेटीत, एकाच हवेत, शेजारी शेजारी निजलेले, आणि दोघांत एक पूर्णांक चार अंशांचे वैर.

यातला कोणता खोटा याबद्दल मर्विनला क्षणभरही शंका आली नाही. जुन्याच्या शेजारी त्याने सत्तावीस वर्षे काढली होती. नवा परवाचा, तोही दहाचा पाढा म्हणणारा. त्याने हवामान कचेरीला खरमरीत पत्र लिहिले: 'आपण पाठवलेला थर्मामीटर एक पूर्णांक चार फॅरनहाइटने कमी दाखवतो, हे मी रोज शेजारी ठेवून तपासले आहे.' पत्र थेट टपालाच्या पिशवीत टाकता आले असते, पण स्वतःचे पत्रही योग्य मार्गाने जावे असे त्याचे मत होते. तो बाहेर गेला आणि त्याने ते लाल टपालपेटीत टाकले.

संध्याकाळी जेवताना थेल्माने विचारले, "शेजारी कशाच्या ठेवून तपासलंस, असं विचारलं तर?"

मर्विनच्या हातातला काटा थांबला.

"हे त्यांनी विचारेपर्यंत तुझ्या लक्षात आलं नसतं ना?" थेल्मा म्हणाली. "जा, काढून आण पत्र. अजून पेटीतच असेल. किल्ली तुझ्याच खिशात आहे."

मर्विन पेटीसमोर जाऊन उभा राहिला. किल्ली हातात होती. पत्र आत, एका पातळ पत्र्याच्या पलीकडे. परंतु पेटीत पडलेले पत्र ज्याच्या नावाचे त्याच्या मालकीचे असते. टाकणाऱ्याचाही त्यावर हक्क राहत नाही. हा नियम याच गावात त्याने स्वतः तीन लोकांना रडवून शिकवला होता. त्यांतली एक मुलगी तर लग्नाचा होकार परत मागत होती, आणि त्याने तो दिला नव्हता. आज ती चार पोरांची आई होती.

थेल्मा पायरीवर आली. "काय झालं? किल्ली लागत नाही?"

"लागते," मर्विन म्हणाला. "म्हणूनच काढता येत नाही."

थेल्माने त्याच्याकडे बघितले आणि ती आत गेली. बैठकीतल्या भिंतीवर तिने दोन महिन्यांपूर्वीच एक खिळा ठोकून ठेवला होता. पंचवीस वर्षांहून जास्त नोंदी ठेवणाऱ्याला कचेरीकडून चौकटीतले मानपत्र मिळते, आणि ते या वर्षी येणार होते. आता त्या खिळ्याकडे बघवेना, म्हणून तिने त्यावर आपली टोपी अडकवली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आगगाडीतून निरीक्षक उतरले. नाव लिडगार्ड. अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात लाकडी पेटी. माणूस इतका मवाळ बोलायचा की भीती जास्त वाटावी.

"मिस्टर पेंगली, तुम्ही ज्याच्या शेजारी ठेवून तपासलंत तो थर्मामीटर जरा दाखवता?"

मर्विनने दाखवला. सबब म्हणून त्याने एकही शब्द तोंडातून काढला नाही. फक्त कान लाल झाले.

"तपासायला पाण्याचा मोठा टब लागेल," लिडगार्ड म्हणाले, "आणि गरम पाणी."

एवढा मोठा टब गावात एकच होता, नेव्हकडचा ग्लास धुण्याचा. म्हणून भर दुपारी साऱ्या याराबिंडासमोर पबच्या बारवर मर्विनच्या इभ्रतीची परीक्षा सुरू झाली. टबात कोमट पाणी, त्यात शेजारी शेजारी तीन थर्मामीटर: जुना, नवा आणि लिडगार्डच्या लाकडी पेटीतला प्रमाण थर्मामीटर. त्याला स्वतःचे प्रमाणपत्र होते. मर्विनने वाकून वाचले आणि दचकला.

"यात लिहिलंय की हाही चुकतो! एक दशांशाने!"

"सगळेच चुकतात, मिस्टर पेंगली. हा किती चुकतो ते आम्ही लिहून ठेवलंय, एवढाच फरक."

थेल्मा लाकडी पळीने पाणी ढवळत होती आणि नेव्ह किटलीतून बेताने गरम पाणी ओतत होता. पारा हळूहळू चढू लागला. नवा आणि प्रमाण हातात हात घालून चढत होते. जुना दोघांच्या पुढे धावत होता.

"शंभर!" हॉरी ओरडला. "आपला शंभरावर! त्याचा किती?"

लिडगार्डनी डोळा रेषेत आणला, श्वास रोखला आणि प्रमाणपत्रातला दशांश मनात हिशेबात धरला. "सदतीस पूर्णांक शून्य," ते म्हणाले. "नव्याचाही तेवढाच. जुना एक पूर्णांक चार फॅरनहाइटने जास्त दाखवतोय. काचेचं असं होतं. नवीन असताना ती हळूहळू आकसते, पाऱ्याचा फुगा लहान होतो, पारा वर ढकलला जातो. हा इथे कधी आला?"

"चोवीस साली," मर्विन म्हणाला.

"म्हणजे १९३० साल यायच्या आतच काय आकसायचं ते आकसला असणार."

मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडू लागला, आणि तो फार वाईट उजेड होता. नेव्हने बारच्या वरच्या पाटीकडे पाहिले. एकोणचाळीसची अकरा शतके. पोस्टातून तेव्हाची आणि मर्विनची, दोन्ही वह्या मागवल्या, एकोणचाळीसच्या प्रत्येक शतकातून एक पूर्णांक चार वजा केले. तीन उरली. बाकीची आठ नव्याण्णवात नाहीतर अठ्ठ्याण्णवात बाद.

नेव्ह खुर्चीवर चढला आणि त्याने पाटी भिंतीकडे तोंड करून उलटी लावली.

मर्विन मात्र पाटीकडे बघत नव्हता. तो स्वतःच्या वहीकडे बघत होता. सत्तावीस वर्षे, रोज सकाळी नऊ, एकही खाडाखोड नाही, आणि त्यातला एकही आकडा बरोबर नाही. असा पुरता चुकलेला माणूस अख्ख्या देशात दुसरा नसेल असे त्याला वाटले, आणि डोळे भरून आले. त्याचे खापर त्याने बिअरच्या फेसावर फोडले असते, पण समोर ग्लासच नव्हता.

लिडगार्ड वही चाळत होते. अडुसष्टच्या जानेवारीवर ते थांबले.

"या बाराव्या दिवशी तुम्ही नव्याण्णव पूर्णांक आठ लिहिलंय."

"तेवढंच होतं."

"गावानं शंभर लिहायला सांगितलं नाही?"

उत्तर हॉरीने दिले, आणि तेही जमिनीकडे बघत. "सांगितलं होतं. पाच वर्षं टोमणे मारले त्याला."

"बरं झालं ऐकलं नाही यांनी," लिडगार्ड म्हणाले. "माझ्या भागात अशी ठाणी आहेत, जिथे चांगला थर्मामीटर आहे आणि माणूस कधी वरून बघतो, कधी खालून, कधी अंथरुणातूनच आकडा लिहितो. त्या वह्या मी फेकून देतो. त्यांतली चूक काढायची कुठून? तुमची चूक सत्तावीस वर्षं तेवढीच्या तेवढी आहे, मिस्टर पेंगली. एका रेघेत दुरुस्त होते. एकदा जरी तुम्ही दोन दशांशांची दया दाखवली असती ना, तर मला ही अख्खी वही टबात बुडवावी लागली असती."

मर्विनने खिशातून रुमाल काढला आणि नाक फार मोठ्याने शिंकरले. नेव्हने मुकाट्याने एक ग्लास भरून त्याच्यासमोर ठेवला. त्यात फेस बोटभरसुद्धा नव्हता.

एवढ्यात मागून चष्म्याची साखळी किणकिणली. "म्हणजे," ट्वेडल म्हणाले, "टोळी गेली चाळीस वर्षं शंभर व्हायच्या आधीच काम सोडत होती!"

"एक मिनिट," हॉरी म्हणाला. "एकतीसच्या ठरावात काय लिहिलंय? पाठ आहे ना तुम्हाला?"

ट्वेडलना सगळे ठराव पाठ होते, हेच त्यांचे दुर्दैव. "'पोस्टातील थर्मामीटर शंभर दाखवील तेव्हा'," ते म्हणाले, आणि शेवटच्या शब्दाला त्यांचा चेहरा उतरला.

"पोस्टातला थर्मामीटर शंभर दाखवतो तेव्हा खरे किती असतात, निरीक्षकसाहेब?"

"सदतीस. बरोबर सदतीस."

"अपूर्णांकसुद्धा नाही!" हॉरीने बारवर मूठ आपटली. "कौन्सिलच्या प्रतिष्ठेला शोभेल असाच आकडा आहे, मिस्टर ट्वेडल!"

थेल्मा पळी पुसत हसली. "मी कित्येक वर्षं लोकांच्या जिभेखाली अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा, म्हणजे हाच आकडा शोधत होते. माणसाच्या आतलं असतं ना, ते सदतीस. बाहेरचं आतल्याएवढं झालं की फावडं खाली ठेवावं, यात चूक काय आहे?"

चिटणीस ट्वेडल ठरावापुढे कधीच गेले नव्हते. आजही गेले नाहीत. पोतं सदतीसवर चढायचे ठरले.

जुना थर्मामीटर लिडगार्ड कापसात गुंडाळून घेऊन गेले. पावती दिली. 'व्यवस्था चालू आहे' या चार पत्रांबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही, फक्त गाडीत चढताना म्हणाले, "टपाल जरा उशिरा पोचतं तुमच्याकडून."

मार्चमध्ये जाड पाकीट आले. थेल्माने खिळ्यावरची टोपी काढली. चौकटीतल्या मानपत्रावर सुबक टाइप केलेले होते, 'सत्तावीस वर्षांच्या अचूक नोंदींबद्दल'. त्यातल्या 'अचूक' या शब्दावर निळ्या शाईची एक सरळ रेघ मारलेली होती, वर हाताने लिहिले होते 'एकसारख्या', आणि शेजारी नियमाप्रमाणे लिडगार्डची छोटी सही.

"दुसरं स्वच्छ टाइप करून मागव," थेल्मा म्हणाली. "पाहुण्यांना काय दाखवणार, खाडाखोड?"

"हात लावू नकोस त्याला," मर्विन म्हणाला, आणि स्वतःच ते खिळ्यावर टांगले.

त्याच दुपारी तो पेटी उघडायला गेला तेव्हा हॉरी कुंपणापाशी होताच. रस्त्याच्या कडेला टोळी फावड्यांवर रेलून काठीकडे बघत होती.

"काय म्हणतोय?"

मर्विन वाकला, डोळा रेषेत आणला. "छत्तीस पूर्णांक नऊ."

हॉरीने तोंड उघडले. सवयीने काय येणार ते मर्विनला ठाऊक होते. पण हॉरीने तोंड मिटले, हॅट काढून कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि खांबाला टेकला.

"थांबतो," तो म्हणाला.